तक्त्यातली चौथी ओळ

मला कुणी विचारलं नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकून कुणाला माझी कीव यायला नको. मिस फॅलन मांजराच्या खाण्याचे तीन डबे घेऊन आल्या होत्या, त्यांना त्या तीन डब्यांपुरतंच उत्तर हवं होतं, आणि मी माझं शहाणपण पाजळत तक्त्यात चौथी ओळ लिहिली. फुकट. वर शिक्का मारून.

ही त्रेसष्ट सालची गोष्ट. मी अहल्या, तेव्हा एकतीस वर्षांची, सेंट्रल कॉलेजची बी.एस्सी., लग्न न झालेली आणि आमच्या गोतावळ्यात फटकळ म्हणून ओवाळून टाकलेली. बेंगळुरात, कँटोन्मेंटात एका शिंप्याच्या दुकानावर विश्वासरावांची छोटीशी प्रयोगशाळा होती, तिथे मी नोकरीला होते. दूध, तूप, तेल, मध, हळद, जे येईल त्यात भेसळ आहे का ते बघायचं. दूधवाल्याने पोराबाळांची शपथ घेतली तरी मी आधी दुधात लॅक्टोमीटर बुडवायचे. माणसाच्या तोंडच्या शब्दावर जायचं नाही, हा माझा बाणा, आणि त्याचा मला भलता अभिमान. विश्वासरावांचा मात्र एकच नियम होता. गिऱ्हाईक विचारेल तेवढंच लिहायचं. “अहल्या, आपण वैद्य नाही आणि ज्योतिषीही नाही,” ते म्हणायचे. “विचारलं, मोजलं, लिहिलं. सरी?” मी तोंडाने “सरी”, म्हणजे बरं, म्हणायचे आणि मनात म्हणायचे, म्हातारे झालेत.

त्या फेब्रुवारीत विश्वासराव मुलीच्या लग्नासाठी धारवाडला गेले. पंधरा दिवस सगळं माझ्यावर. मी त्यांच्या खुर्चीतच बसायला लागले होते.

अशात मिस फॅलन आल्या. व्हाइटफील्डच्या अँग्लो-इंडियन वस्तीतून, आगगाडीने. साठी उलटलेली, फुलाफुलांचा झगा, डोक्यावर हॅट, आणि हातात चिकपेटातल्या कुठल्याशा साडीच्या दुकानाची कापडी पिशवी. पिशवीतून तीन डबे काढून त्यांनी माझ्या टेबलावर ओळीने मांडले. बत्तीस वर्षं त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला होत्या, आणि तिथली एक सवय त्यांना राहिली होती. आपण काही सांगितलं की ते शब्दाला शब्द परत म्हणून दाखवायच्या, बरोबर ऐकलं ना म्हणून. त्यांचं इंग्रजी असं स्वच्छ की माझ्यासारखीलाही समोर बोलताना जीभ जपावीशी वाटावी.

“हे बर्टीचं जेवण,” त्या म्हणाल्या. बर्टी म्हणजे त्यांचा बोका. सहा वर्षांचा, पिवळ्या पट्ट्यांचा. त्याच्याआधीच्या एका मांजराला साप चावला होता आणि एकाला कुत्र्यांनी फाडलं होतं, म्हणून बर्टीला त्यांनी कधी दाराबाहेर पाऊल टाकू दिलं नव्हतं. खिडक्यांना जाळ्या ठोकून घेतल्या होत्या. मागे ना भाऊ ना बहीण. घरात दोघंच, त्या आणि बर्टी.

बाहेरून येणाऱ्या मालावर सरकारने लगाम घातल्यापासून हे डबे मिळेनासे झाले होते. कँटोन्मेंटात एका दुकानात मिळायचे, पण भाव असा की ऐकून घाम फुटावा. एक सार्डिन माशांचा, सव्वादोन रुपये. एक मांस आणि धान्याचा, पावणेदोन. एक नुसत्या काळजाचा, तीन रुपये. एक डबा दोन दिवस पुरायचा. पेन्शन ब्याण्णव रुपये.

“मला एवढंच सांगा,” मिस फॅलन म्हणाल्या, “यातला कुठला डबा कमी पैशांत बर्टीला जास्त पोसेल? माझं काय, मी कशावरही निभावते. त्याच्या पोटाला मात्र कमी पडायला नको.”

मला तेव्हाच हसू आलं होतं. मांजरासाठी विलायती डबे! आमच्याकडे मांजर म्हणजे उरलंसुरलं खाणारं. पण फी घेतली आणि कामाला लागले.

डबे मीच फोडले. नाकाला पदर बांधून, पदरावर कोलनवॉटर शिंपडून. त्या तीन दिवसांत मी घरी पोचले की आई दारातूनच ओरडायची, “काही शिवू नकोस, आधी न्हाणीत जा!” आमचं घर माध्व ब्राह्मणांचं. पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरात, घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, आणि मासा हा शब्दसुद्धा जेवताना उच्चारायचा नाही. पण काम ते काम. डब्यातला ऐवज वाळवला, तोलला, तेजाबात शिजवला, त्यातला नायट्रोजन मोजला आणि त्याला सव्वासहाने गुणलं. एवढं केलं की प्रथिनं किती ते कळतं. तो नायट्रोजन माशाचा, दुधाचा की डाळीचा, हे त्या आकड्याला ठाऊक नसतं. हे मला कॉलेजात शिकवलं होतं. मी ते परीक्षेत लिहून गुणसुद्धा मिळवले होते.

निकाल बघून मला आधी संताप आला. तिन्ही डब्यांत चारातले तीन भाग पाणी! माशांच्या डब्यात रुपयाला पंचवीस ग्रॅम प्रथिनं पडत होती, धान्याच्या डब्यात वीस, काळजाच्या डब्यात सोळा. सर्वांत स्वस्त दिसणारा धान्याचा डबा खरा महाग होता आणि सार्डिनचा बरा होता. झालं. एवढं लिहून सही करायची होती. बाईंचं काम झालं असतं, माशांचा डबा घेत राहिल्या असत्या, आणि मी ही गोष्ट सांगत बसले नसते.

पण ब्याण्णव रुपयांतले चौतीस रुपये एक बोका खातो, हे माझ्या डोक्यातून जाईना. बाईंच्या बुटाला ठिगळ होतं, ते मी पाहिलं होतं. मला त्यांची दया आली. खरंच आली, खोटं कशाला बोलू? आणि दया आली की माणूस किती मोकाट सुटतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

आमच्या घरी सुब्बी नावाची मांजरी होती. आठ वर्षं दूधभातावर वाढलेली. वर चमचाभर तूप, बस्स. अंगावर तुकतुकी अशी की हात फिरवत राहावा, आणि दरवर्षी न चुकता चार पिल्लं. एकादशीला आमच्याकडे भात शिजत नाही, तेव्हा त्या दिवशी तिलाही काही मिळत नसे. आणि द्वादशीला सकाळी पारण्याची पानं मांडली की ती आईच्या पाटाशेजारी शेपूट गुंडाळून हजर. अण्णा, म्हणजे माझे वडील, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, “आमची सुब्बी एकादशी करते हो!” हुबळीच्या पाहुण्यांनी तर तिला नमस्कार केला होता. मग मी काय केलं? दुधाचा भाव घेतला, दुधातली प्रथिनं घेतली, भागाकार केला. रुपयाला चाळीस ग्रॅम. माशांच्या डब्याच्या दीडपटीहून जास्त. लगेच तक्त्यात तीन ओळींखाली चौथी ओळ ओढली: ‘दूध-भात, थोडे तूप घालून. सर्वांत किफायतशीर. पूर्ण पोषक.’

पूर्ण पोषक. हे दोन शब्द कुठल्या नळीत, कुठल्या काट्यावर मोजले होते मी? कुठल्याच नाही. आमच्या सुब्बीकडे बघून लिहिले. विश्वासरावांच्या नावापुढे ‘करिता’ लिहून माझी सही ठोकली आणि वर शिक्का.

मिस फॅलननी तक्ता वाचला, परत वाचला. “दूध, भात, थोडं तूप,” त्या म्हणाल्या. “पूर्ण पोषक. आणखी काहीच नको?”

“काहीच नको.”

“काहीच नको,” त्यांनी परत म्हटलं. मग जरा घुटमळल्या. “पण तो मांजर आहे, मिस अहल्या. त्याला मासा आवडतो.”

“आवडायचं काय, लहान मुलांना पेपरमिंटही आवडतं,” मी म्हटलं. “आमच्या घरी आठ वर्षांची मांजरी आहे. तिने मासा पाहिलासुद्धा नाही.” आणि वर त्यांना सुब्बीच्या एकादशीची गोष्ट सांगितली. त्या लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवून हसल्या. महिन्याला बारा-तेरा रुपये वाचतील, हे ऐकून त्यांचे डोळे भरून आले. माझा हात दोन्ही हातांत धरून त्यांनी दाबला. मला किती बरं वाटलं होतं म्हणून सांगू! घरी जाताना मी बसमध्ये गुणगुणत होते.

विश्वासराव परत आले. त्यांनी तक्त्याची नक्कल बघितली, चौथ्या ओळीवर बोट ठेवलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “हे कुणी विचारलं होतं?”

“गरीब बाई आहे हो.”

“गरीब आहे म्हणून विचारलं होतं का?” ते काही रागावले नाहीत. नुसती नक्कल फायलीत लावली. मला वाटलं, जळतात.

पुढे मिस फॅलन अधूनमधून पत्रं पाठवायच्या. पहिल्या महिन्यात बर्टीने दूधभाताच्या ताटलीकडे पाठ फिरवून संप केला होता. मग खायला लागला. वाचलेल्या पैशांत त्यांनी गळकं छप्पर शाकारून घेतलं. नाताळात केक पाठवला. त्यात अंडी, म्हणून तो आमच्या खालच्या शिंप्याच्या मुलांनी खाल्ला आणि मी बाईंना फार चवदार होता म्हणून कळवलं. चौसष्टच्या दिवाळीच्या सुमारास त्यांनी लिहिलं की बर्टी हल्ली जरा धसमुसळा झालाय, खिडकीत उडी मारताना चुकतो, दुधाच्या वाटीत पाय घालतो. मी उलट टपाली उत्तर दिलं: ‘वयोमानाप्रमाणे होते. काळजी नसावी.’ आठ वर्षांच्या बोक्याचं वयोमान! आमची सुब्बी तेव्हा दहा वर्षांची होऊन छपराच्या कौलांवरून पळत होती, आणि मला ते डोळ्यांसमोर दिसत असून दिसलं नाही.

पासष्टच्या मार्चमध्ये एके सकाळी त्या झाकणाची टोपली घेऊन जिना चढून आल्या. हॅट वाकडी झालेली. त्यांनी टोपलीचं झाकण उघडून बर्टीला माझ्या टेबलावर ठेवलं. खिडकीतून लख्ख ऊन येत होतं. त्या उन्हात मांजराच्या डोळ्यांची कशी बारीक चीर व्हायला हवी! बर्टीच्या बाहुल्या मोठ्या काळ्या बटणांएवढ्या उघड्याच. मी त्याच्या डोळ्यांपुढे बोट हलवलं. पापणीसुद्धा लवली नाही. तो टेबलाच्या कडेपर्यंत आला आणि पुढचा पाय हवेत चाचपडत राहिला. मी त्याला धरलं नसतं तर पडला असता.

आम्ही त्याला रिक्षात घालून हेब्बाळला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. पोक्त, सावकाश बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी खोली अंधारी करून बर्टीच्या डोळ्यांत बराच वेळ उजेड टाकून पाहिलं. “डोळ्याच्या मागचा पडदा गेलाय,” ते म्हणाले. “आता औषध नाही. खातो काय हा?”

मिस फॅलननी पर्समधून एक कागद काढला. माझा तक्ता! घड्यांवर चिकटपट्टी लावलेली, दोन वर्षं जपून ठेवलेला. “मी यातलं एक अक्षर चुकवलं नाही, डॉक्टर,” त्या अभिमानाने म्हणाल्या. डॉक्टरांनी तो वाचला, खालची सही वाचली आणि वर माझ्याकडे पाहिलं. ते मिस फॅलनना म्हणाले, “बाई, तुम्ही जरा रिक्षा थांबवता का? पुढे गेली तर इथे दुसरी मिळत नाही.” त्या टोपली घेऊन बाहेर गेल्या.

“ही सही तुमची?”

“हो.”

“विलायतेत असं पाहिलंय म्हणे. मांजराला नुसत्या दुधाच्या प्रथिनांवर ठेवलं की डोळे जातात. का जातात ते अजून कुणाला नीट ठाऊक नाही. मासळीत, मांसात काहीतरी असतं, ते दुधात नसतं. मांजराला ते बाहेरूनच मिळावं लागतं. तुम्हाला हे कळायला हवं होतं, असं मी म्हणत नाही. पण पूर्ण पोषक हे कशावरून लिहिलंत?”

मी म्हटलं, “आमच्या घरची मांजरी दहा वर्षं दूधभातावर आहे. तिला काही झालेलं नाही.”

“घराबाहेर जाते?”

“जाते.”

“मग बाहेर जाऊन काय देवदर्शन करते का?”

मला तोंडात मारल्यासारखं झालं. “किती लागतं?” एवढंच विचारलं. “म्हणजे किती मासा, किती मांस मिळालं असतं तर...”

“थोडं. आठवड्यातून दोन घास पोटात गेले असते तरी निभावलं असतं, असं मला वाटतं.”

परतीच्या वाटेवर मिस फॅलननी एकदाच विचारलं, “खाण्यामुळे तर नसेल ना?” मी रस्त्याकडे बघत राहिले. त्यांनी मग स्वतःच उत्तर दिलं, “छे, तुम्ही तर सगळं मोजलं होतंत.”

घरी आले तेव्हा आई मागच्या पडवीत तांदूळ निवडत होती. चपलासुद्धा न काढता मी विचारलं, “आई, सुब्बी उंदीर खाते?”

आईने आधी मान वाकडी करून अण्णा ओसरीवर आहेत का ते पाहिलं. मग म्हणाली, “हळू बोल गं.”

“खाते का नाही?”

“अय्यो, मांजर ते मांजर! शेजारी नंदकिशोर शेटजींचं कापडाचं गोदाम आहे, तिथे उंदरांना काय तोटा? रोज एखादा तरी असतोच. शेपट्या आणून मागच्या दारात टाकते मेली. मी सडा घालायच्या आधी राखेत घेऊन गटारात टाकते.”

“रोज?”

“दहा वर्षं. तुझ्या अण्णांनी तिला घरात घेतानाच सांगितलं होतं, मांजर ठेवायचं तर घरचं सात्त्विक खाऊन राहिलं पाहिजे, नाहीतर पोत्यात घालून सोडून येईन. मग काय करायचं? मी म्हटलं, राहते ती सात्त्विक. त्यांना बरं वाटतं, तिचं पोट भरतं. कुणाचं काय बिघडलं?” मग माझ्या तोंडाकडे बघून तिने हातातलं सूप खाली ठेवलं. “तुला ठाऊक नव्हतं? एवढी शिकलीस, रोज जगाचं दूधतूप तपासतेस, आणि एकादशीला मांजर उपाशी राहतं, हे तुला खरं वाटलं?”

खरं वाटलं. काय सांगू? परक्याच्या शपथेवर मी कधी गेले नाही, पण घरात अण्णा जे बोलत ते मी मोजून बघायचं असतं, हे माझ्या मनातही आलं नाही. घरात काही गोष्टी बघायच्या नसतात, बघितल्या तर बोलायच्या नसतात, हे आम्ही सगळेच लहानपणापासून शिकतो. आई शिकली, मी शिकले. त्या न बघण्याला मी शिक्का मारला आणि एका भाबड्या बाईच्या हातात दिला. मी तिथेच पायरीवर बसून रडले. आईला वाटलं, सुब्बीने उंदीर खाल्ले म्हणून रडतेय. ती म्हणाली, “अगं वेडे, तिला पाप लागत नाही.”

मिस फॅलनना पत्र लिहायला बसले. तीन पत्रं लिहिली, तिन्ही फाडली. एकात मी विज्ञानाला दोष दिला होता, एकात अण्णांना. तिसऱ्यात नुसतं ‘क्षमस्व’ होतं, आणि ते फार स्वस्त वाटलं.

रविवारी सकाळी मी रसेल मार्केटला गेले. जन्मात पहिल्यांदा मासळीच्या गल्लीत पाय घातला. वास आला तशी थबकले, पण मनात म्हटलं, तुझ्या नाकाची कुणी चौकशी केली नाही, चल पुढे. कोळीण म्हणाली, “बा अक्का,” म्हणजे ये ताई, “काय हवं?” काय हवं ते मला कुठे ठाऊक! मी म्हटलं, “मांजरासाठी.” ती आणि तिच्या शेजारची, दोघी खो खो हसल्या. तिने पानात गुंडाळून सार्डिन दिले, ते मी प्रयोगशाळेतल्या ॲल्युमिनियमच्या डब्यात घातले आणि डबा मांडीवर घेऊन व्हाइटफील्डच्या गाडीत बसले. शेजारची नऊवारीतली बाई दोन स्टेशनं नाकाला पदर लावून बसली आणि मग उठून दुसरीकडे गेली. कालपरवापर्यंत मीही तेच केलं असतं.

मिस फॅलनचं घर स्टेशनपासून मैलभर. मला बघून त्यांना इतका आनंद झाला की मला फाटकातूनच परत फिरावंसं वाटलं. बर्टी स्वयंपाकघराच्या दारात बसला होता. मी डबा उघडला तसा तो ताडकन उठला, नाक वर केलं आणि दाराच्या चौकटीवर जाऊन आपटला. मग भिंतीला अंग घासत घासत आमच्याकडे यायला लागला.

“मासे?” मिस फॅलन हसल्या. “तुमच्या हातात? अहो, पण माझ्याकडे मासा शिजवायचं भांडंच राहिलं नाही. सगळी देऊन टाकली.”

“का?”

“दोन वर्षं झाली, घरात मासा-मटण आणलं नाही मी. सुरुवातीला मी जेवायला बसले की बर्टी मांडीवर चढून रडायचा. एकाने खायचं आणि एकाने नुसतं बघायचं, हे काही मला बरं दिसेना. मग म्हटलं, त्याने सोडलंय, मीही सोडते. आता मीसुद्धा तुमच्यासारखीच!” त्या हे किती कौतुकाने सांगत होत्या! आपण काही चांगलं केलं, ते योग्य माणसाला सांगायला मिळालं, अशा चेहऱ्याने.

मला आणखी ऐकवेना. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले ते, सुब्बीचं, आईचं, राखेतल्या शेपट्यांचं. चौथी ओळ मी मोजून लिहिली नव्हती, हेही सांगितलं. “त्याचे डोळे माझ्यामुळे गेले, मिस फॅलन.”

त्या दिवशी त्यांनी माझं एक वाक्यही परत म्हणून दाखवलं नाही. स्टुलावर बसल्या. बर्टी त्यांच्या पायाशी पोचला होता, त्याला उचलून मांडीवर घेतलं. बराच वेळ त्याच्या कपाळावरून अंगठा फिरवत राहिल्या.

“पूर्वी मी शुक्रवारी मासा आणायची,” शेवटी त्या म्हणाल्या. “डब्याखेरीज, माझ्यासाठी. त्याचं डोकं आणि शेपटी याला द्यायची. नुसती चव म्हणून. मी मासा सोडला नसता, आणि दर शुक्रवारी तेवढं डोकं याला मिळत राहिलं असतं, तर?”

‘कुणास ठाऊक’ म्हणता आलं असतं. डॉक्टरांनाही नक्की ठाऊक नव्हतं. ‘तेवढ्याने काय होणार’ म्हटलं असतं तरी त्यांनी मानलं असतं, त्या माझं सगळंच मानत आल्या होत्या. पण मी म्हणजे मी. मनात म्हटलं, आता तरी खरं बोल.

“तेवढ्याने निभावलं असतं,” मी म्हटलं.

मिस फॅलननी डोळे मिटले. मग उठल्या, बर्टीला हळूच खाली ठेवलं, दूध तापवायच्या पातेल्यात पाणी घेतलं आणि त्यात दोन मासे सोडले. मी काही मदत करायला पुढे झाले तर हाताने थांबवलं. मासे शिजले, त्यांनी ते ताटलीत काढले, फुंकर घालून निववले, बोटांनी काटे काढले. सगळं माझ्याकडे पाठ करून.

“मिस अहल्या,” त्या म्हणाल्या, “एवढं एक तुम्ही खोटं बोलायला हवं होतं.”

त्यांनी ताटली जमिनीवर ठेवली.

“या तुम्ही आता.”

मी पिशवी उचलून बाहेर आले. फाटकाची कडी लावत होते तेव्हा आतून त्यांचा आवाज आला, एक्स्चेंजमधला तोच स्वच्छ आवाज. त्या बर्टीला सांगत होत्या, “डावीकडे, बाळा. आणखी थोडं डावीकडे. हं, तिथेच आहे.”